आधी सांग, कोणाला लागलंय

कोंडेले, किसुमू
३ मार्च

वासोंगा,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम गाळलंय.

शनिवारी सकाळी आपलं व्हिडिओ गेमचं दुकान उघडून मी रिमोटच्या वायरींचा गुंता सोडवत बसले होते. तेवढ्यात रादिंग आला. रादिंग तुला आठवत असेलच, मोटारसायकलवरून माणसं पोचवणारा, आणि आपल्या दुकानात हरण्याचा त्याचा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. एरवी तो हसतच आत शिरतो. त्या दिवशी दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "अपियो, ओडोंगो बोलतोय."

"सकाळी सकाळी कुठून पिऊन आलास?"

"प्यायलो नाही गं. ऐक तू." त्याने फोन माझ्या कानाशी धरला.

तुमच्या कंपनीच्या नव्या फुटबॉल गेमची जाहिरात होती. ढोल, धूळ, पळणारी पोरं, मग गोल. आणि गोल झाल्याबरोबर माझ्या भावाचा आवाज. "मोस, मोस, बाबा मोस." ज्याला आम्ही गेल्याच्या गेल्या वर्षी ऑगस्टात गावच्या मातीत ठेवून आलो, तो माझ्या कानात बोलला. एका पोटात नऊ महिने आम्ही शेजारी होतो, वासोंगा. त्याचा आवाज मला कोणी ओळखून द्यायला नको. हातातला रिमोट खाली पडला, त्याचं डावं बटण आता दाबलं की वर येत नाही.

हा आवाज जगात एकाच जागी शिल्लक होता, तुझ्या लॅपटॉपमध्ये. आपण तिघांनी मिळून तो फुटबॉलचा जुना गेम बदलला, तेव्हा तूच बसलास ना माइक घेऊन? परदेशी संघ काढून आपण त्यात कोंडेलेचा संघ घातला. चेहरे मी केले, न्हाव्याचं टक्कल करायला मला आठवडा लागला. संगणकाची कामं तुझी. आणि सामना सांगायचा ओडोंगोने. किसुमूतल्या सगळ्या दुकानांत तो आपला गेम फिरला. मग प्रत्येक दुकानाने ओडोंगोचा आवाज काढून आपापला बोलणारा घातला, ते रीतसरच होतं. आपल्या दुकानातलं तेव्हाचं मशीन विजेच्या झटक्यात जळलं. राहिलास तू. मी मनात म्हणायचे, असू दे, वासोंगाकडे आहे म्हणजे घरातच आहे.

घरातलं तू बाजारात नेलंस. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं.

आणि जाहिरातीतलं ते दुकान कोणाचं? छपराला भोकं, पोरं अनवाणी, टीव्ही खोक्यावर. आपल्या छपराला भोक नाही. डांबर मी स्वतः चढून लावलंय आणि तू खाली शिडी धरून 'पडशील, पडशील' करत होतास. त्या जाहिरातीत एक पोरगा भाजलेलं कणीस खातो आणि त्याच हाताने रिमोट उचलतो. आपल्या दुकानात दाराशी तांब्या आणि घमेलं आहे. हात धुतल्याशिवाय रिमोटला कोणी बोट लावत नाही, पाद्रीसुद्धा नाही. तुझ्या साहेबांना हे सांगायला तुझी जीभ उचलली नाही का? की त्यांना भोकंच हवी होती?

फोन करू नकोस. तू बोलायला लागलास की लोकांना तुझं पटतं, म्हणूनच त्यांनी तुला ठेवलंय. हे पत्र नैरोबीच्या बसने पार्सलात पाठवतेय. उत्तर द्यायचं तर तसंच दे.

अपियो


१४ मार्च

वासोंगा,

तुझा निरोप फोनवर आला. पत्र लिहायला हात दुखतो वाटतं.

"ही ओडोंगोला आदरांजली आहे. आता सगळी दुनिया त्याला ऐकेल. तू भावनेच्या भरात आहेस."

मी भरात नाही, मी चिडलेय. दोन्हींत फरक आहे आणि तो तुला लहानपणापासून माहीत आहे.

जाहिरातीतली भाषा मला शिकवू नकोस. मी या खेळांच्या मागे तुझ्याआधीपासून वेडी आहे. चौथीत होते तेव्हा मामाने मोम्बासाहून ते नकली मशीन आणलं, पिवळ्या कॅसेटचं. कॅसेटवर काय छापलं होतं आठवतंय? एकात नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ. मी आणि ओडोंगो पूर्ण सुट्टीभर एकेक करून बघत बसलो. खेळ सातच होते. तेच सात, नाव बदलून, रंग बदलून, परत परत. मी रडले. ओडोंगो पोट धरून हसला. म्हणाला, "अगं, हे कॅसेटवाले आपल्या काकासारखे आहेत. दर खेपेला नवी गोष्ट सांगतो म्हणतो आणि मगरीचीच सांगतो."

तरी मी त्या पिवळ्या कॅसेटला आजही शिव्या देत नाही. ती सरळ थाप होती. दुकानदारही डोळा मिचकावून विकायचा, आपणही ओळखून घ्यायचो. आणि ते सात खेळ आपले होते. वीज असेपर्यंत कोणी काढून नेऊ शकत नव्हतं.

त्यानंतर मी सगळं पाहिलं. खोक्यावर तलवार घेतलेला पहिलवान आणि आत चार चौकोन उड्या मारतायत, ते पाहिलं. रद्दीत आलेली परदेशी मासिकं वाचली. प्रत्येक पानावर गोरा पोरगा दात काढून बसलेला, आणि मुलगी असलीच तर त्याच्या खांद्याशी, हात रिकामे. मी तेव्हा किसुमूतल्या सगळ्या मुलांना हरवत होते. माझ्यासाठी एक ओळ नव्हती. मग आले तुमचे आधी पैसे भरा, खेळ नंतर करतो. मग अर्धा खेळ आत्ता, अर्धा पुढच्या हंगामात. मग बंद पाकिटं, पैसे देऊन फोडा, आत काय निघेल ते नशीब. माझ्या दुकानात मी जुगार चालू देत नाही, तो तुम्ही खेळाच्या आत घालून पाठवलात.

आणि हल्ली तुमचा लाडका शब्द 'परिवार'. गेमर परिवार. अरे, परिवार म्हणजे काय ते ऑगस्टात कळतं. रादिंगने मोटारसायकलवर पेटीच्या मागे गावापर्यंत धूळ खाल्ली. न्हाव्याने दोन दिवस दुकान बंद ठेवलं. तू फोनवरून पैसे पाठवलेस. पैसे पोचले, पावतीचा निरोपही आला. त्यात तू एक शब्द लिहिला नव्हतास.

'आदरांजली' म्हणतोस ना, तर तो काय बोलतोय ते तरी तिथल्या लोकांना समजावून सांगितलंस का? आपला तेव्हाचा टीव्ही मुका होता, सेकंडहँड, पहिल्या दिवसापासून आवाज नव्हता. म्हणून ओडोंगो बाकाच्या मागे उभा राहून सामना सांगायला लागला. सामना कसला, गावभरच्या भानगडी. "रादिंगचा गोली उभाय बघा, जसा रादिंग सासरी उभा असतो, बस म्हणणारं कोणी नाही." गोल मारणाऱ्याचं कौतुक त्याने कधीच केलं नाही. तो म्हणायचा, जिंकणाऱ्याला माझी काय गरज, त्याच्याकडे गोल आहे. तो वाकायचा ज्याने गोल खाल्ला त्याच्याकडे, आणि पाठीवर हात ठेवून म्हणायचा, मोस.

ठेच लागलेल्याला आपण म्हणतो तो शब्द. भाकरी करपलेल्या बाईला म्हणतो, मयताच्या घरी जाऊन म्हणतो. आपण पाडलेलं नसतं तरी म्हणतो. तुम्ही तो ढोलावर नाचवलात. जिंकणाऱ्याच्या आरोळीसारखा. खाली मोठ्या अक्षरांत, 'मोस! मोस! आफ्रिकेचा जल्लोष.'

बडा घर, पोकळ वासा. तुझ्या त्या काचेच्या इमारतीबद्दल बोलतेय.

अपियो


२ एप्रिल

वासोंगा,

हे लिहायचं नव्हतं, पण तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. त्या गेमवर वेगळे पैसे घेऊन विकता तो तुमचा आफ्रिका पॅक, ओडोंगोच्या आवाजाचा, मी दुकानातल्या मशीनवर घेतला.

आनंदून नको जाऊस. आईसाठी घेतला.

रादिंगने तिला बाजारात सांगितलं. ती ओमेनाच्या ढिगाऱ्यामागे बसली होती, सुकी मासळी मोजून देत होती, आणि हा गाढव तिला म्हणाला, "आई, ओडोंगो टीव्हीवर बोलतो." ती माप तसंच टाकून उठली. आपलं दुकान उघडल्यापासून तिने आत पाऊल ठेवलं नव्हतं, तुला माहीतच आहे. 'माझी दोन्ही पोरं त्या खोक्याने खाल्ली' म्हणायची. त्या दिवशी आली, दाराशी घमेल्यात हात धुतले, मासळीचा वास जाईपर्यंत चोळून धुतले, आणि बाकावर बसली.

"लाव," म्हणाली.

मी काय करणार होते? लावला. न्हावी आणि रादिंग खेळायला बसले. पहिला अर्धा वेळ गोलच होईना. दोघेही घाबरून नीट खेळत होते.

"कधी बोलणार तो?" आईने विचारलं.

"गोल झाला की बोलतो, आई."

"मग होऊ दे की एक."

"तो न्हावी मारतच नाहीये," रादिंग म्हणाला.

"तू बाजूला हो ना. तुझ्या त्या गोलीला सांग, जरा चहा पिऊन ये म्हणावं."

रादिंगने गोली बाहेर काढला आणि उभा ठेवला. न्हाव्याने चेंडू नुसता लोटला. आणि ओडोंगो बोलला. आई हलली नाही. तिने खांद्यावरच्या कापडाने तोंड झाकलं नाही की काही नाही. म्हणाली, "परत."

आता रोज येते. बाजार आटोपला की चारच्या सुमाराला. माझी गिऱ्हाइकं मुद्दाम हरायला शिकलीयत, वासोंगा. जी पोरं एका गोलासाठी एकमेकांची कॉलर धरायची, ती आता म्हणतात, तू मार, नाही तू मार. काल न्हावी बारा गोलांनी हरला आणि पैसे देऊन गेला. दुकानाचा पार विचका झालाय आणि मी कोणालाही काही बोलत नाही.

तिला एकच खटकतं. काल घरी जाताना म्हणाली, "आवाज त्याचाच आहे. पण घसा त्याचा नाही."

मी विचारलं म्हणजे काय.

"शेवटच्या वर्षी तो एवढं लांब बोलला की मधे खोकायचा. हा खोकत नाही. कोणी धुतला त्याला?"

मलाही पहिल्या दिवसापासून काहीतरी टोचत होतं, ते हेच. तुम्ही खोकला पुसलात. मागे चालणारा पंखा पुसला, बाहेरून मंडाझी तळून विकणारीची हाक यायची ती पुसली, आणि तू मधे मधे 'परत बोल, परत बोल' म्हणायचास, तेही पुसलंत. राहिला तो चकचकीत गळा.

त्याबद्दल मी नंतर भांडेन. सध्या ती चार वाजता येते, एवढंच मला दिसतं.

अपियो


२७ एप्रिल

वासोंगा,

तू पाठवलेली बाई येऊन गेली. तू पाठवली नाहीस म्हणशील, तर मग तिला आपल्या दुकानाचा पत्ता कोणी दिला, आणि आईला 'जुळ्यांची आई' म्हणतात ते कोणी सांगितलं?

बाई वाईट नव्हती, हे आधी सांगते. नैरोबीचीच, तरुण, हसरी. अंगात पिवळा टी-शर्टासारखा बनियन, त्यावर 'मोस! मोस!' छापलेलं. बरोबर दोन कॅमेरेवाले आणि बनियनांचं एक खोकं. तिने दुकानात शिरल्या शिरल्या छपराकडे पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. मी म्हटलं, "भोकं शोधताय का? नाहीत."

हात मात्र तिने धुतले, न सांगता. तेवढे मार्क तिला.

मग तिने आईला बाकावर मधोमध बसवलं. तिच्या खांद्यावर बनियन टाकला. म्हणाली, "आई, तुमच्या मुलाचा आवाज सगळ्या जगात गेला. आता तुम्ही कॅमेऱ्याकडे बघून त्याच्यासारखं म्हणा. जोरात. आनंदाने. मोस, मोस."

आईने खांद्यावरचा बनियन काढून मांडीवर त्याची घडी घातली.

"लाजू नका आई. मोस, मोस. हात वर करून."

"कोणाला लागलंय?" आईने विचारलं.

"लागलं नाही कोणाला. गोल झालाय असं समजा."

"कोणी खाल्ला?"

बाईने कॅमेरेवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "कोणीच नाही, आई. नुसतं म्हणायचं."

"नुसतं कसं म्हणू?" आई रागावली नव्हती. खरंच विचारत होती, बाजारात एखादा विचारतो ना, माप कोणाचं धरायचं, तसं. "आधी सांग, कोणाला लागलंय. मग म्हणते."

त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी पाहिलं. तिचं आजोळ इकडचंच, सियायाचं निघालं, शब्द तिला चांगला कळत होता. तिने कॅमेरा बंद करायला सांगितलं. जाताना खोकं ठेवून गेली. रादिंगने त्यातल्या एका बनियनाने मोटारसायकल पुसली, आणि बाकीचे मी कपाटावर टाकलेत. कोणाच्या अंगात पाहवत नाहीत.

ती जाताना मी तिला विचारलं, असे किती छापलेत? म्हणाली, दहा हजार.

अपियो


९ जून

वासोंगा,

आज मशीन लावल्यावर पडद्यावर पाटी आली. 'नवा हंगाम येत आहे. आफ्रिका पॅक ३० जूननंतर उपलब्ध राहणार नाही. आपण दिलेल्या प्रेमाबद्दल आभार.'

मला वाटलं, विकायचा बंद करताहेत, घेतलेल्यांकडे राहील. न्हाव्याच्या पुतण्याने इंटरनेटवर वाचून सांगितलं, तसं नाही. घेतलेल्यांकडूनही जाणार. आवाज कंपनीच्या मशीनवरून येतो म्हणे, आपल्या मशीनवर नसतोच. जाहिरातीचा हंगाम संपला, आता दुसऱ्या कोणत्या तरी खंडाचा जल्लोष.

आधी विचारल्याशिवाय नेलात. मग मलाच विकलात. आता विकलेलंही परत नेताय. चोर निदान एकदाच येतो.

पिवळ्या कॅसेटवाल्याला मी खोटारडा म्हणायचे, त्याची माफी मागावीशी वाटते. त्याने सात खेळ दिले आणि सातच्या सात ठेवू दिले. तुम्ही जे विकता ते देतच नाही. खोकं नाही, कॅसेट नाही, हातात धरायला काही नाही, नुसती परवानगी, तीही तुमच्या मर्जीची. आणि लोक रांगा लावतात. मीही लावल्या. तीस वर्षं तुमच्या प्रत्येक थापेला टाळ्या वाजवल्या, कारण आतला खेळ खरा असायचा. तो मला आजही खरा वाटतो, वासोंगा, म्हणूनच एवढी आग होते. खेळ करणारे वेगळे आणि तुम्ही वेगळे. ते मशीनसमोर जागून एखादी उडी बरोबर बसवतात, आणि तुम्ही येऊन त्या उडीवर बनियन घालता.

मी आईला अजून सांगितलेलं नाही. ती चार वाजता येते, हात धुते, बसते. मला तिच्याकडे बघवत नाही. एकदा तो गेला तेव्हा ती तीन दिवस जेवली नाही. आता पहिल्या तारखेला तो परत जाणार, आणि ते मी तिला सांगायचं.

म्हणून पहिल्यांदाच तुझ्याकडे काही मागतेय. माफी नको, तुझ्या कंपनीचं पत्र नको, भरपाई तर मुळीच नको. तू माइक धरून घेतलेला तो मूळ आवाज पाठव. न धुतलेला. खोकल्यासकट, पंख्यासकट, तुझ्या 'परत बोल'सकट. तुझ्याकडे नसेल तर त्यांच्याकडून मिळव. तुझं तिथे वजन आहे म्हणतात, ते एकदा वापर.

आणि एक गोष्ट आता लिहूनच टाकते, म्हणजे मनातून जाईल. मी त्या ऑगस्टपासून एका शब्दाची वाट बघत होते. रादिंग म्हणाला, न्हावी म्हणाला, पाद्री म्हणाला, बाजारातल्या ज्या बाईचं नावही मला माहीत नाही ती रस्ता ओलांडून येऊन म्हणाली. तू आमच्या चुलीपाशी बसून वाढलास. दहा हजार बनियनांवर तो शब्द छापलास. मला एकदा म्हणाला नाहीस.

अपियो


२ जुलै

वासोंगा,

तुझा निरोप मिळाला. "मूळ ध्वनिमुद्रण करारानुसार कंपनीच्या मालकीचं आहे. माझ्या लॅपटॉपमधलं त्यांनी काढून घेतलं. मी विचारून पाहिलं. माझ्या हातात काही नाही."

बरं. इथे काय झालं ते ऐक.

आईला मी शेवटपर्यंत सांगू शकले नाही. काल चार वाजता ती आली, हात धुतले, बसली. रादिंग आणि न्हावी खेळायला बसले. दोघांनाही माहीत होतं. दोघंही गोल होऊ देईनात, आता उलट्या कारणाने. रादिंगचा गोली मी आयुष्यात एवढा चांगला खेळताना पाहिला नव्हता.

"आज काय उपास आहे का तुमचा?" आई म्हणाली. "होऊ द्या की एक."

शेवटी न्हाव्याचा एक चेंडू चुकून आत गेला. टीव्हीतून कोणीतरी भरड्या गळ्याचा माणूस इंग्रजीत ओरडला, मागे कर्णे वाजले. रादिंगने रिमोट ठेवला आणि उठून टीव्हीचा आवाज पार शून्यावर आणला. मी आईजवळ जाऊन म्हटलं, "आई, तो गेला. त्यांनी काढला."

मी हंबरडा फुटेल म्हणून तिचा हात धरायला गेले. तिने माझा हात बाजूला सारला, गुडघ्यांवर जोर देऊन उठली, आणि बाकाच्या मागे गेली, ओडोंगो उभा राहायचा तिथे. रादिंग मान खाली घालून बसला होता. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मोस, रादिंग," म्हणाली. "गोलही खाल्लास, सकाळी टायरही पंक्चर झाला, आणि तुझी बायको माझ्याकडून उधार मासळी घेऊन गेली ते तुला अजून माहीतच नाही."

रादिंग आधी हसला, मग त्याला हसू आवरेना, मग तो रडायला लागला. न्हावी म्हणाला, "आई, आणि मला?" ती म्हणाली, "तू जिंकलायस. तुझ्याशी मला काय करायचंय?"

ओडोंगोचंच वाक्य. की त्याने ते हिच्याकडूनच उचललं होतं, कोण जाणे. घरी ती आम्हा दोघांच्या भांडणात नेहमी हरणाऱ्याच्या बाजूला येऊन बसायची, आणि हरणारी बहुतेक मीच असायचे.

काल दुकान बंद होईपर्यंत ती उभी होती. तुमचा महागडा गेम चालू, आवाज शून्य, आणि मागून माझी आई सगळ्या कोंडेलेच्या लाजा काढतेय. दारात गर्दी झाली. ती मधे मधे खोकते, वासोंगा. साधाच खोकला आहे, मासळीच्या धुराचा. मी काळजीने पाणी दिलं तर म्हणाली, राहू दे, बोलणाऱ्याला खोकला येतोच.

तेव्हा ते मूळ मुद्रण तुझ्या कंपनीला लखलाभ. माझा राग गेलेला नाही, आणि जाईल असं मला वाटतही नाही. तुमच्या प्रत्येक नव्या पाटीला तो ताजा होईल. फक्त आता मला तुमच्याकडून काही नको आहे.

एक सांगायचं राहिलं. घरी जाताना मी आईला विचारलं, "वासोंगा येऊन बसला खेळायला आणि त्याने गोल खाल्ला, तर त्यालाही मोस म्हणशील?"

"गोल कशाला खायला हवा त्याने?" ती म्हणाली. "त्याचाही मित्र गेला ना. तिकडे काचेच्या घरात त्याला कोणी म्हणालं असेल का?"

हे मला सुचलं नव्हतं. दोन वर्षांत एकदाही नाही.

तर ये. सकाळची बस चारपर्यंत पोचते. दाराशी हात धू, बाकाच्या टोकाला बस. आई तुला म्हणेल. मी म्हणणार नाही. आधी तू मला म्हणायचंस, सगळ्यांच्या देखत, टीव्ही बंद करून.

अपियो